गॅस संपत नसतो

विदर्भात गाडीच्या एसीची कामं करणाऱ्या मिस्त्रींचा हंगाम होळी झाली की सुरू होतो. तोवर त्यांच्याकडे फारसं कोणी फिरकत नाही. होळीनंतर दुपारचं ऊन चटके द्यायला लागतं, तीन-चार महिने बंद असलेलं एसीचं बटण पहिल्यांदा दाबलं जातं, जाळीतून हवा जोरात येते आणि ती गरम असते. एप्रिलात नागपूरला ४२-४३ अंश ही बातमीसुद्धा राहत नाही. मेच्या अखेरीस नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो. मे २०१३ मध्ये नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडच्या माणसांना त्या आकड्याचंही फारसं नवल वाटत नाही. अशा दिवसांत उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीच्या आतलं तापमान तास-दीड तासात साठीच्या घरात जातं. स्टीअरिंगला हात लावता येत नाही. गाडीत तान्हं मूल असेल, म्हातारं माणूस असेल, डायलिसिस करून घरी परतणारा रुग्ण असेल, तर चालू एसी ही चैन उरत नाही.

म्हणून एसी बिघडला की माणूस घाईला येतो, आणि घाईत सगळीकडे एकच वाक्य ऐकू येतं. गाडीवाला म्हणतो, ‘गॅस संपला असेल, टाकून द्या.’ मिस्त्रीही पुष्कळदा मान डोलावतो. अर्ध्या तासात गॅस भरला जातो, हवा थंड होते, पैसे देऊन माणूस निघून जातो. पुढच्या होळीनंतर पुन्हा तेच. मला या लेखात मुख्यतः त्या एका वाक्याबद्दल लिहायचं आहे. ते चुकीचं आहे, आणि त्या चुकीची भरपाई एकटा गाडीवाला करत नाही.

नागपुरात कामठी रोडवर ऑटोमोटिव्ह चौकाच्या मागेपुढे गाड्यांची गॅरेजं आहेत. त्यातल्या एका गॅरेजात एका उन्हाळ्यात मी बरेचदा जाऊन बसलो. पत्र्याचं छप्पर, कोपऱ्यात वाळ्याच्या ताट्या लावलेला मोठा कूलर, भिंतीवर खिळ्याला टांगलेले निळे-लाल-पिवळे पाईप. मालकांना कामावरची पोरं उस्ताद म्हणतात, गिऱ्हाइकंही तेच म्हणतात. ‘नाव नका छापू, बाकी काय पाहाचं ते पाहा,’ असं त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं. ॲम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनीला बाहेरून एसीचा संच आणून बसवायचे, डॅशबोर्डखाली वेगळा डबा लोंबायचा, तेव्हापासून ते हे काम करतात. ‘गॅस संपला’ हे शब्द कानावर पडले की त्यांचं उत्तर ठरलेलं असतं. ‘गॅस काय पेट्रोल आहे का जी, संपाले? नळीत होता, आता नळीत नाही, म्हणजे कुठून तरी बाहेर गेला. आधी ते भोक पाहू.’

सगळं काम या उत्तरातून सुरू होतं. एसीतला गॅस जळत नाही, वापरला जात नाही, झिजत नाही. तत्त्व माठाचंच आहे: द्रवाची वाफ होताना तो भोवतालची उष्णता ओढून घेतो. पण माठातलं पाणी उडून जातं, म्हणून माठ रोज भरावा लागतो. गाडीच्या एसीत ही उडालेली वाफ पकडून, दाबून, तिचा पुन्हा द्रव केला जातो आणि तोच परत वापरला जातो. आज रस्त्यावरच्या बहुतेक गाड्यांत आहे तो आर-१३४ए नावाचा वायू साध्या हवेच्या दाबाला उणे २६ अंशांवर उकळतो. डॅशबोर्डच्या आत एक छोटी जाळीदार कॉइल असते, मिस्त्री तिला कूलिंग कॉइल म्हणतात. तिच्या तोंडाशी एक्स्पान्शन वॉल्व्हचं बारीक छिद्र असतं. त्यातून द्रव गॅस कॉइलमध्ये शिरला की एकदम दाब उतरतो, गॅस उकळतो आणि कॉइलवरून वाहणाऱ्या हवेतली उष्णता शोषून घेतो. ती वाफ इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर खेचतो आणि दाबून तापवतो. रेडिएटरच्या पुढ्यात बसवलेल्या कंडेन्सरमध्ये ती उष्णता बाहेरच्या हवेत सोडून गॅस पुन्हा द्रव होतो, ओल शोषणाऱ्या ड्रायरमधून गाळून निघतो आणि वॉल्व्हपाशी परत येतो. म्हणजे एसी थंडी तयार करत नाही, आतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो. बाहेर ४५ अंश असतील तर ती टाकायला जागा कमी पडते, म्हणून नागपुरातला एसी पुण्यातल्या एसीपेक्षा जास्त राबतो आणि लवकर उघडा पडतो.

पहिल्यांदा उस्तादांच्या गॅरेजात गेलो तेव्हा गाडी आल्यावर ते लगेच गेज लावतील अशी माझी समजूत होती. ते बॉनेट उघडून, इंजिन चालू ठेवून नुसते उभे राहतात. आत बसलेल्या पोराला खूण करून एसीचं बटण दाबायला लावतात. कॉम्प्रेसरच्या तोंडावर मॅग्नेट क्लच असतो. बटण दाबताच तो ‘टक्’ असा आवाज करून पकडतो, आणि बाहेरच्या पुलीबरोबर मधली चकतीही फिरू लागते. आवाज आलाच नाही, तर फ्यूज, रिले, वायर, क्लचचं वेटोळं किंवा चकतीत पडलेली जास्तीची फट यांच्याकडे बघायचं. गॅस खूपच कमी झाला असेल तर प्रेशर स्विच क्लचला पकडूच देत नाही, कारण तेल गॅसबरोबर फिरतं आणि गॅस नसताना कॉम्प्रेसर फिरला तर कोरडा फिरून जाम होईल. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत क्लचच नसतो, कॉम्प्रेसर कायम फिरतो आणि गरजेप्रमाणे आतल्या आत कमीजास्त दाबतो. तिथं ‘टक्’ ऐकू येण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही.

क्लचनंतर पंखा. गाडी महामार्गावर धावताना थंड आणि सिग्नलला उभी राहिली की गरम, अशी तक्रार असेल तर उस्ताद गॅसचं नावही काढत नाहीत. धावताना समोरची हवा कंडेन्सर गार करते, उभ्या गाडीला पंखाच लागतो. पंख्याची मोटर गेलेली असते, नाही तर कंडेन्सरच्या पापुद्र्यांत कापूस, कचरा, मेलेले किडे गच्च बसलेले असतात. विदर्भातल्या कापसाच्या रस्त्यांवर हे नेहमीचं. हलक्या धारेनं पाणी मारून कंडेन्सर धुतला आणि गाडी बरी होऊन परत गेली, असं मी तिथं डोळ्यांनी पाहिलं. गॅसची कॅन फोडलीच नाही. पैसे घेतले ते फक्त धुण्याचे.

आणखी एक दोष आहे, ज्यात चांगला एसी विनाकारण बदनाम होतो. डॅशबोर्डमध्ये कूलिंग कॉइलशेजारी हीटरचीही कॉइल असते, तिच्यात इंजिनाचं गरम पाणी खेळतं. थंड आणि गरम हवेचं प्रमाण एक छोटी झडप ठरवते. तिची केबल निसटली किंवा मोटर अडकली की कॉइल बर्फासारखी गार असूनही जाळीतून कोमट हवा येते. कॉम्प्रेसरकडे जाणारी जाड नळी हाताला गार लागते, तिच्यावर पाणी सुटलेलं असतं, गाडीखाली थेंब पडत असतात, मग आत उकडतं का? कारण गार झालेली हवा पुन्हा तापवली जाते आहे. उलट कधी सुरुवातीला छान थंडी, मग हळूहळू हवाच कमी आणि दहा मिनिटं एसी बंद ठेवला की पुन्हा ठीक, असं झालं तर कॉइलवर बर्फ साचतोय असं समजायचं. कॉइलचं तापमान सांगणारा छोटा सेन्सर बहुधा खोटं बोलत असतो, नाही तर केबिन फिल्टर धुळीनं माखून हवा अडलेली असते. तो फिल्टर बऱ्याच गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो आणि घरच्या घरी काढता येतो.

हे सगळं पाहून झालं की मग भिंतीवरचे पाईप खाली येतात. निळा पाईप कमी दाबाच्या बाजूला, लाल जास्त दाबाच्या, मधला पिवळा गॅसच्या बाटलीला किंवा व्हॅक्यूम पंपाला. पाईपांना जोडलेल्या गेजचे दोन काटे आणि बाहेरचं तापमान एवढ्यावरून आतलं बरंचसं कळतं. कडक उन्हात चालू गाडीचा निळा काटा साधारण ३० ते ४५ पीएसआय आणि लाल २०० ते ३०० च्या दरम्यान असला तर तब्येत ठीक. दोन्ही खाली असतील तर गॅस कमी. निळा वर आणि लाल खाली, म्हणजे कॉम्प्रेसर दाबतच नाही, त्याच्या आतल्या झडपा गेल्या. दोन्ही वर असतील तर उष्णता बाहेर पडत नाही, किंवा कोणी तरी गरजेपेक्षा जास्त गॅस कोंबला आहे, किंवा गॅसबरोबर हवाही आत गेली आहे. निळा शून्याच्याही खाली ओढला जात असेल तर वॉल्व्ह किंवा ड्रायर चोंदला. आणि निळा थोडा वेळ ठीक, मग शून्याखाली, मग पुन्हा ठीक, असा खेळत असेल तर आत ओल आहे: पाण्याचा थेंब वॉल्व्हच्या छिद्रात गोठतो, वाट बंद करतो, वितळतो, पुन्हा गोठतो.

गेजबद्दल एक गोष्ट गाडीवाल्यालाही माहीत असायला हवी, कारण तिच्यावरूनच सर्वांत जास्त फसवणूक होते. बंद गाडीला गेज लावून ‘हे बघा, दाब आहे, म्हणजे गॅस भरपूर’ किंवा ‘दाब कमी आहे, गॅस टाका’ असं सांगितलं जातं. नळ्यांत द्रव गॅस थोडाही शिल्लक असेल तर बंद गाडीतला दाब गॅसच्या प्रमाणावर ठरतच नाही, तो फक्त तापमानावर ठरतो. ४० अंशांना तो १३० पीएसआयच्या आसपास असतो, मग आत पूर्ण गॅस असो की निम्मा. गॅस किती आहे हे खात्रीनं कळायचं तर तो पूर्ण बाहेर काढून तोलावा लागतो. बॉनेटखाली बहुतेक गाड्यांत एक चिकटपट्टी असते, तिच्यावर कोणता गॅस आणि किती ग्रॅम हे छापलेलं असतं. छोट्या गाडीत तो साधारण ४०० ते ५०० ग्रॅम असतो. एवढ्याशा मापात ५०-१०० ग्रॅमची चूक मोठी चूक ठरते, आणि जास्त गॅस म्हणजे जास्त थंडी नव्हे. जास्त गॅसनं कंडेन्सर भरून जातो, लाल काटा चढतो, थंडी कमी होते आणि कॉम्प्रेसर मरतो. उस्तादांच्या गॅरेजात रिकव्हरी मशीन आहे, जुनं घेतलेलं. ते गाडीतला गॅस ओढून टाकीत साठवतं आणि किती निघाला ते दाखवतं. ४५० ग्रॅमच्या गाडीतून २१० निघाले, हा आकडा दिसला की गिऱ्हाइकाशी वाद घालावा लागत नाही.

मग येतं ते खरं काम, भोक शोधण्याचं. एसीच्या धंद्यातली कसोटी हीच आहे, असं माझं ठाम मत झालं आहे. गॅस भरायला कोणीही शिकतो. गळती शोधायला डोळा आणि चिकाटी लागते, आणि त्याचे पैसे द्यायला गिऱ्हाईक तयार नसतं.

गॅस बाहेर पडतो तेव्हा थोडं तेलही घेऊन बाहेर येतो. त्या तेलावर धूळ बसते. म्हणून उस्ताद आधी टॉर्च घेऊन प्रत्येक जोडावर तेलकट काळा डाग शोधतात. पाईप जिथं रबर आणि ॲल्युमिनियमच्या सांध्यावर दाबून बसवलेला असतो ती जागा, जोडातलं ओरिंग, गॅस भरायच्या तोंडातली पिन, कॉम्प्रेसरच्या दांड्याचं सील. कंडेन्सर तर सगळ्यांत पुढे असतो, रस्त्यावरचे खडे तोच खातो. मुंबई, कोकण, गोव्याकडच्या गाड्यांत खारी हवा त्याचं ॲल्युमिनियम खाते. डाग सापडला नाही तर नळ्यांत नायट्रोजन भरून साबणाचा फेस लावायचा आणि बुडबुड्याची वाट पाहायची. कॉम्प्रेसरची साधी हवा भरायची नाही, तिच्यात ओल असते. तरीही सापडलं नाही तर गॅसबरोबर चमकणारा रंग सोडायचा, गाडी काही दिवस चालू द्यायची आणि मग अतिनील दिव्याखाली बघायचं. गळतीच्या जागी हिरवट-पिवळा ठिपका उठून दिसतो.

सगळ्यांत वाईट बातमी म्हणजे कूलिंग कॉइलची गळती. ती दिसत नाही, कारण ती डॅशबोर्डच्या पोटात असते. तिच्यावर पाणी जमतं, त्या पाण्यात धूळ, पालापाचोळा, घाम, अत्तर, धूर सगळं मिसळतं, त्यातलं आम्ल पातळ ॲल्युमिनियमला सुईच्या टोकाएवढी भोकं पाडतं. बऱ्याच गाड्यांत ती काढायला अख्खा डॅशबोर्ड खोलावा लागतो, काही गाड्यांत स्टीअरिंगही. दिवसभराचं काम, कधी दीड दिवसाचं. परत बसवताना एक क्लिप राहिली तर गाडी आयुष्यभर खुडखुड करते. उस्ताद हे काम पोरांवर सोडत नाहीत. काढलेले स्क्रू ते क्रमानं एका पुठ्ठ्यावर टोचून ठेवतात आणि प्रत्येकाखाली पेन्सिलीनं जागा लिहितात.

गळती बुजवली की व्हॅक्यूम. इथं घाई करणारे पुष्कळ. पंप लावून पाच मिनिटांत काटा खाली गेला की गॅस सोडतात. पण पंपाचं काम हवा काढून संपत नाही, त्याला ओलही काढायची असते. नळ्यांतलं पाणी द्रव असताना पंप ते ओढू शकत नाही, आधी त्याची वाफ व्हावी लागते. दाब खूप उतरला की पाणी साध्या तापमानालाही उकळतं, ३० अंशांना उकळायला हवेचा दाब पाऱ्याच्या सुमारे ३२ मिलिमीटरपर्यंत उतरावा लागतो. याला वेळ लागतो. अर्धा तास ही कमीत कमी मुदत, प्रणाली बरेच दिवस उघडी राहिली असेल तर त्याहून जास्त, आणि ड्रायर नवा. पुढे पंप बंद करून काटा जागचा हलतो का हे पाहायचं. विदर्भाच्या उन्हाची एवढी मात्र मदत होते, तापलेल्या नळ्यांतली ओल लवकर उडते. आर-१३४एबरोबर वापरलं जाणारं पीएजी तेल हवेतलं पाणी झपाट्यानं ओढून घेतं, त्यामुळे तेलाच्या डब्याचं झाकण उघडं राहिलं की उस्ताद पोरांवर ओरडतात. ओल, गॅस आणि तेल मिळून आत आम्ल बनतं आणि दोन वर्षांनी नवी गळती हजर होते.

कॉम्प्रेसर आतून तुटला असेल तर प्रकरण आणखी वाढतं. त्याचा धातूचा चुरा सगळ्या नळ्यांत पसरतो. नुसता नवा कॉम्प्रेसर बसवला तर जुना चुरा नव्यालाही मारतो. पाईप धुता येतात. आजकालच्या कंडेन्सरच्या वाहिन्या इतक्या बारीक असतात की त्या धुऊन साफ होत नाहीत, कंडेन्सरच बदलावा लागतो. बिलाचा आकडा ऐकून गिऱ्हाइकाचा चेहरा पडतो. तो पडणं साहजिक आहे.

आता बाहेर गेलेल्या गॅसकडे येतो. तो रंगहीन, वासहीन असतो, माणसाला जाणवत नाही, म्हणून तो गेला म्हणजे नाहीसा झाला असं वाटतं. गाडीच्या एसीचा इतिहास म्हणजे बराचसा या वाटण्याचाच इतिहास आहे. सुरुवातीच्या फ्रिजमध्ये सल्फर डायऑक्साइड, अमोनिया, मिथिल क्लोराइड असे विषारी वायू होते आणि त्यांच्या गळतीनं माणसं मेली होती. जनरल मोटर्ससाठी काम करणाऱ्या थॉमस मिजली या अमेरिकन संशोधकानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्यावर क्लोरोफ्लोरोकार्बनचा उपाय काढला. १९३० मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीच्या सभेत मिजलीनं हा नवा वायू छातीत भरून घेतला आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवली: विषारी नाही, पेट घेत नाही. त्याच कुळातला आर-१२ पुढे घराघरांतल्या फ्रिजांत आणि मोटारींत गेला. अमेरिकेच्या पॅकार्ड कंपनीनं १९४० च्या गाड्यांत कारखान्यातूनच एसी द्यायला सुरुवात केली. कूलिंग कॉइल मागच्या सीटच्या पाठीमागे होती आणि कॉम्प्रेसरला क्लच नव्हता, त्यामुळे तो पुरता बंद करायचा तर इंजिन थांबवून पट्टा काढावा लागे.

१९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी दाखवलं, की हा न जळणारा, न बिघडणारा वायू वर चढत जातो आणि तिथं त्याच्यातला क्लोरिन ओझोनचा थर खातो. १९८५ मध्ये जोसेफ फार्मन आणि सहकाऱ्यांनी अंटार्क्टिकावरच्या ओझोनची घट जाहीर केली. १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला, १९९२ मध्ये भारत त्यात आला, आणि गाड्यांत आर-१२ ची जागा आर-१३४एनं घेतली. त्यात क्लोरिन नाही, ओझोनला धोका नाही. पण तो उष्णता धरून ठेवतो: शंभर वर्षांच्या हिशोबात एक किलो आर-१३४ए सुमारे १,४३० किलो कार्बन डायऑक्साइडएवढा.

हा आकडा मला कळला तेव्हा मी उस्तादांच्या गॅरेजातच कागदावर हिशोब मांडला. छोट्या गाडीतले ४५० ग्रॅम म्हणजे सुमारे ६४० किलो कार्बन डायऑक्साइड. एक लिटर पेट्रोल जळून साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे हे २८० लिटर पेट्रोल झालं. लिटरला १८ किलोमीटर धरले तर ५,००० किलोमीटर. समृद्धी महामार्गानं नागपूरहून मुंबईकडे अशा सात खेपा होतील. दरवर्षी ‘गॅस टाकून द्या’ म्हणणारा माणूस दरवर्षी यातला मोठा भाग आकाशात सोडतो, त्याला कोणी सांगितलेलं नसतं. आणि ज्या गॅरेजात रिकव्हरी मशीन नाही तिथं उरलेला गॅसही पिन दाबून हवेत सोडून दिला जातो. मला याचा मनापासून राग येतो. पिन दाबणाऱ्या पोराचा नव्हे, त्याच्या हातात मशीन आणि शिक्षण न देता त्याला हंगामात उभं करणाऱ्या व्यवस्थेचा.

२०१६ मध्ये रवांडातल्या किगालीत माँट्रियल कराराला दुरुस्ती झाली. भारतानं तिला २०२१ मध्ये मान्यता दिली. त्यानुसार आपल्याकडे या कुळातल्या वायूंचा वापर २०३२ पासून टप्प्याटप्प्यानं उतरवत २०४७ पर्यंत ८५ टक्के कमी करायचा आहे. युरोपात २०१७ पासून नव्या गाड्यांत आर-१३४ए चालतच नाही, तिथं मुख्यतः आर-१२३४वायएफ आहे. तो हवा तापवण्याच्या बाबतीत जवळजवळ निरुपद्रवी, पण महाग आणि काहीसा ज्वालाग्राही. हवेत मोडल्यावर त्याचं ट्रायफ्लुरोॲसिटिक आम्ल होतं, याची नवी चिंता शास्त्रज्ञांना आहे. दोन्ही गॅस एकमेकांत मिसळायचे नाहीत, म्हणून त्यांची भरायची तोंडंच वेगळी ठेवली आहेत.

गॅस महाग होत जाईल तसा नकली गॅस वाढेल. नकली बाटल्यांत पूर्वी जो सापडला आहे तो मिथिल क्लोराइड, म्हणजे ज्याच्या विषाला कंटाळून मिजलीला नवा वायू शोधावा लागला तोच. तो ॲल्युमिनियमशी संयोग पावून असं संयुग करतो जे हवा लागताच पेट घेतं. २०११ मध्ये व्हिएतनाममध्ये दुरुस्त झालेल्या जहाजी शीतकंटेनरांचे स्फोट होऊन माणसं दगावली, तेव्हा कारण हेच निघालं. स्वस्तात स्वयंपाकाच्या गॅससारखे वायू भरून देणारेही भेटतात. थंडी चांगली पडते, आणि डॅशबोर्डमध्ये पेटणाऱ्या गॅसची नळी घेऊन कुटुंब प्रवासाला निघतं. बाटलीवरचं सील, नाव आणि किंमत पाहणं गिऱ्हाइकाच्या हाती आहे. बाजारभावापेक्षा फारच स्वस्त गॅस घेऊच नये.

मे महिन्यात एका दुपारी एक टॅक्सीवाला आला. रिकव्हरीत निम्म्याहून कमी गॅस निघाला. सगळे जोड कोरडे, म्हणजे संशय कूलिंग कॉइलवर. उस्तादांनी डॅशबोर्ड खोलावा लागेल म्हणून सांगितलं. तो म्हणाला, ‘उस्ताद, लग्नाचा सीझन चालू आहे. दोन दिवस गाडी उभी ठेवली तर हप्ता कुठून भरू? टाकून द्या ना गॅस.’ मला वाटलं उस्ताद चिडतील. ते चिडले नाहीत. ‘टाकतो. पण रंग टाकून टाकतो. आता नाही खोलत, दिवाळी झाल्यावर ये. नाही आला तर पुढच्या साली गॅस मागाले येऊ नको,’ असं म्हणाले आणि वहीत गाडीचा नंबर, निघालेले ग्रॅम, भरलेले ग्रॅम आणि जाळीतल्या हवेचं तापमान लिहून ठेवलं. त्या दिवशी बाहेर ४४ अंश होते, जाळीत थर्मामीटर ११ दाखवत होता.

टॅक्सीवाल्याला दोष द्यायला माझं मन धजत नाही. गॅस भरण्याचे दीड-दोन हजार तो देऊ शकतो, कॉइलचे सात-आठ हजार आणि दोन दिवसांची बुडालेली कमाई त्याला एकदम झेपत नाही. भारत सरकारच्या २०१९ च्या कूलिंग ॲक्शन प्लॅनमध्ये एक लाख तंत्रज्ञांना २०२२-२३ पर्यंत प्रशिक्षण देण्याचं उद्दिष्ट होतं. प्रशिक्षण हवंच. पण रिकव्हरी मशीन घ्यायला गॅरेजला स्वस्त कर्ज मिळालं, काढलेला गॅस परत घेणारं केंद्र गावात असलं, तर शिकलेलं वापरता येईल. ही निकड वाढतच जाणार. २०२५ पासून देशात बनणाऱ्या नव्या मध्यम आणि अवजड ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला आहे. उन्हात दहा-बारा तास भाजून निघणाऱ्या ड्रायव्हरांसाठी हा निर्णय फार आधी व्हायला हवा होता. त्या ट्रकांच्या नळ्याही एक दिवस गळतील, आणि त्या महामार्गालगतच्या टपरीवजा गॅरेजांतच दुरुस्तीला येतील.

दिवाळी झाली की उस्तादांच्या गॅरेजात पोरं गाड्यांची वाट बघत बसलेली असतात. गळती शोधायचे दिवस खरे हेच: मिस्त्रीला वेळ असतो, डॅशबोर्ड खोललेली गाडी दोन दिवस उभी राहिली तरी कोणाचं अडत नाही, आणि नागपूरची हिवाळ्यातली दुपार एसी चालवून पाहायला पुरेशी उबदार असते. बिलावर चार गोष्टी लिहून मागा: किती ग्रॅम निघाला, गळती कुठं होती, व्हॅक्यूम किती वेळ ठेवला, किती ग्रॅम भरला. एसी चांगला असेल तरी थंडीत आठवड्यातून एकदा दहा मिनिटं तो चालवा, म्हणजे तेल फिरून कॉम्प्रेसरच्या दांड्याचं सील ओलं राहील. ते वाळलं की गॅस तिथूनच जायला लागतो, आणि कळतं ते होळीनंतर.